पाठीचं माप

कुत्र्यासाठी स्वेटर विणायला घेतला की पहिली अडचण येते खांद्यांची. कुत्र्याला आपल्यासारखे खांदेच नसतात. आपल्या गळ्याखालून दोन्ही बाजूंना आडवं जाणारं हासळीचं हाड, ज्याला आता सगळेच कॉलरबोन म्हणतात, ते कुत्र्यात जेमतेम नावापुरतं उरलं आहे. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात. पळताना खांद्याचं पातं मोकळेपणाने पुढेमागे सरकतं आणि ढांग लांब पडते. पळणाऱ्यासाठी ही सोय उत्तम. विणणाऱ्याची मात्र पंचाईत, कारण आपल्या ओळखीचा प्रत्येक स्वेटर खांद्यांवर टांगलेला असतो. मुंडा कुठे घटवायचा, गळा किती खोल ठेवायचा, बाही कुठून सुरू करायची, सगळा हिशेब खांद्यापासून. इथे खांदा नाही. वर आडवी पाठ आहे, खाली खोल छाती आहे आणि दोन पाय बाजूंना न फुटता छातीच्या पुढच्या भागातून सरळ खाली उतरले आहेत.

म्हणून घरातल्या बाळाचा जुना स्वेटर कुत्र्याला चढवला की तो हमखास चुकीचा बसतो. छातीवर ताणतो, पोटाशी लोंबतो, बाह्या पायांना बाहेरच्या अंगाला ओढतात आणि कुत्रा चालायचं सोडून उभाच राहतो. फोटो छान येतो. ‘किती शहाण्यासारखा उभा राहिलाय,’ असं लोक म्हणतात. शहाणपण कसलं, त्याला पाय टाकता येत नसतो.

माणसासाठी विणताना आपण माप बहुतेक वेळा घेतही नाही. आठ वर्षांच्या मुलीचा, सडपातळ पुरुषाचा, एवढं कळलं तरी हात चालू लागतात. १९६२च्या युद्धात देशभरच्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणले. कुणासाठी, हे विणणारीला ठाऊक नव्हतं. उंचापुरा माणूस डोळ्यांपुढे आणायचा आणि टाके घालायचे. माणसाचं शरीर आपल्याला आतून माहीत असतं, म्हणून हे जमतं. कुत्र्याच्या बाबतीत ‘लहान कुत्रा’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. पग आणि डॅशहुंड वजनाला सारखे भरले तरी एकाचा स्वेटर दुसऱ्याला होणार नाही. पग म्हणजे नुसतं पिंप आणि डॅशहुंडची पाठ संपता संपत नाही. तेव्हा टेप घेऊन फरशीवर बसावंच लागतं.

माझ्या सुयांवर सध्या आहे तो शेजारच्या चिकूचा स्वेटर. चिकू डॅशहुंड आहे, लहान चणीचा, पाच किलोच्या आतला, वयाने बराच म्हातारा. आमच्याकडे नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात बधिर होतात. पलीकडे निफाडला तर काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. त्यात चिकूच्या घरी जुनी शहाबादी फरशी. उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही, पण हिवाळ्यात ती अंगातली ऊब शोषून घेते, आणि चिकूच्या पोटात आणि फरशीत अंतर ते किती! चार बोटं.

मापं मुळात तीन. गळ्याचा घेर, छातीचा घेर आणि गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे छाती सगळ्यात रुंद असते तिथे घ्यायचा. टेपखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. चिकूची छाती भरली ३८ सेंटिमीटर. आठ नंबरच्या सुयांवर, म्हणजे चार मिलिमीटरच्या, माझ्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके बसतात. गुणाकार केला की चौऱ्याऐंशी टाके येतात, आणि चौऱ्याऐंशीला चारने भाग जातो, त्यामुळे दोन सुलट दोन उलटची रिब कुठेही न अडखळता फिरते. असले योगायोग विणणाऱ्या माणसाला दिवसभर पुरतात. रिब घ्यायची कारण ती आडवी ताणते आणि पुन्हा मिटते. श्वास घेताना कुत्र्याची छाती चांगलीच फुगते आणि साध्या सुलट विणीला तेवढं ताणता येत नाही.

पण खरी गंमत या तिन्हींच्या पलीकडच्या मापांत आहे. पुढच्या दोन पायांमधलं अंतर मोजावं लागतं, नाहीतर पायांची भोकं बाजूंना पडतात. पोटाकडची बाजू पाठीपेक्षा बरीच आखूड ठेवावी लागते, आणि कुत्रा नर असेल तर आणखी आखूड. कारण सांगायला नको. पहिल्याच फेरफटक्यात कळतं. शेपटीच्या अलीकडे तीन-चार बोटं पाठ उघडी सोडायची. शेपूट हलली की शेवटची पट्टी तिच्यात अडकता कामा नये, कारण ज्याला बोलता येत नाही त्याचं निम्मं बोलणं तिथूनच चालतं.

हे सगळं चाललं असताना चिकूच्या घरच्या आजी झोपाळ्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, कुत्र्याला कसली आलीय थंडी? देवाने अंगभर केस दिलेत की! आमच्या वेळी माणसांना स्वेटर नव्हते.”

आजींचं शेवटचं वाक्य खरंच आहे. पहिल्यावर मी बराच विचार केला. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, ३८ ते ३९ अंशांचं. ती ऊब टिकवायची तर केस पाहिजेत आणि आकारही पाहिजे. पाच किलोचा कुत्रा आणि चाळीस किलोचा कुत्रा यांची ठेवण सारखी धरली, तर मोठ्याचं वजन आठपट असतं पण कातडीचं क्षेत्रफळ चौपटच. म्हणजे किलोमागे लहान कुत्र्याची कातडी दुप्पट उघडी. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो तो याचमुळे. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली हीच गोष्ट प्राण्यांबद्दल नोंदवून ठेवली: थंड प्रदेशातले प्राणी त्यांच्या उष्ण प्रदेशातल्या भाऊबंदांपेक्षा सहसा अंगाने मोठे असतात. त्या हिशेबाने चिकूसारख्या आकाराने थंडीत राहण्याचं काहीच कारण नाही. त्यातून त्याचे केस आखूड, खाली मऊ अस्तर जवळजवळ नाही, आणि म्हातारपणामुळे अंगावरचं मांस झडलेलं.

मग असा आकार आला कुठून? २००७ साली शास्त्रज्ञांनी लहान कुत्र्यांच्या आकाराशी जोडलेला एक जनुकीय बदल शोधला. वाढीच्या एका संप्रेरकासारख्या द्रव्याशी त्याचा संबंध आहे. पुढे २०२२ मध्ये कळलं की हा बदल माणसाने घडवलेला नव्हे. ५४ हजार वर्षांपूर्वीच्या सैबेरियातल्या एका लांडग्यातही तो होता. मात्र जंगलात तो कोपऱ्यात पडून होता. त्याला वर काढून पिढ्यान्‌पिढ्या निवडलं ते माणसाने. डॅशहुंड तर जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी बिळात शिरण्यासाठी घडवला. पाय आखूड, धड लांब. चिकूला बिळात शिरायचं काम नाही. आखूड पाय राहिले, लांब पाठ राहिली, आणि त्या पाठीबरोबर मणक्याच्या चकत्यांचं दुखणंही राहिलं, जे या जातीत फार आढळतं. चिकूच्या अंगावरचा स्वेटर लाड म्हणून बघितला की आजींचं म्हणणं पटतं. पण ज्या हातांनी त्याला एवढा लहान केला त्याच जातीचे हात आता त्याच्यासाठी दोन टाके घालत असतील, तर त्यात लाड कमी आणि देणं जास्त आहे असं मला वाटतं.

आजींना मी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांच्यापुढे लांडग्याचा विषय काढायची माझी छाती नाही.

लोकर कोणती, हा पुढचा प्रश्न. दुकानात आपण जिला सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते. तिला नाक मुरडायचं कारण नाही. ती मशीनमध्ये धुता येते, आटत नाही, आणि कुत्र्याचा स्वेटर वरचेवर धुवावाच लागतो. पण खऱ्या लोकरीचं काम वेगळंच. तिच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्या कुरळ्यांत हवा अडकते, आणि ऊब देते ती खरं तर ही हवा. शिवाय स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पिऊनही ती अंगाला ओली लागत नाही. दव पडलेल्या गवतातून पोट घासत जाणाऱ्या प्राण्याला याहून चांगलं काय हवं! शेकोटीजवळ बसायची सवय असलेल्या कुत्र्याला तर अ‍ॅक्रिलिक घालूच नये. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजी पेट घेत नाही.

आपली दख्खनी मेंढीची लोकर या कामाला चालत नाही. ती आखूड आणि राठ. तिची घोंगडी व्हावी आणि तीवर आयुष्य निघावं, पण उघड्या पोटाला ती टोचते. या मेंढ्यांमागे धनगरांचे कुत्रे चालतात. वाड्यावर रात्री ते कळपाच्या कडेला उघड्यावर पडतात, लांडग्याच्या वासावर कान ठेवून. मेंढीच्या अंगावरची लोकर कातरून माणसाने पांघरली आणि मेंढी राखणाऱ्याला मात्र तिच्यातलं काही मिळालं नाही. चिकूचे पूर्वज मेंढ्या राखत नव्हते हे खरं, तरी लोकरीची गुंडी सोडताना तो हिशेब मनात येतोच.

विणणारीच्या आनंदाबद्दलही थोडं खरं बोललं पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडजवळ २००१ मध्ये समुद्रात तेल सांडलं आणि ४३८ छोटे पेंग्विन माखले. चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून त्यांना धुवून काढेपर्यंत लोकरीचे स्वेटर घालत. उबेइतकंच ते तेलापासून राखण्यासाठी होते. आवाहन गेलं आणि जगभरातून स्वेटर येऊ लागले. आल्फी डेट नावाचे एक गृहस्थ शंभरी ओलांडल्यावरही पेंग्विनांसाठी विणत होते. पुढे स्वेटर इतके झाले की बरेचसे खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकले जाऊ लागले, आणि तो पैसा पक्ष्यांच्या कामी आला. चूक कुणाचीच नाही. पण यातून दिसतं ते हे की विणणाऱ्याची हौस घालणाऱ्याच्या गरजेपेक्षा नेहमीच चार टाके पुढे असते. मथुरेजवळ सोडवून आणलेल्या हत्तींसाठी २०१७च्या थंडीत आसपासच्या गावातल्या बायकांनी प्रचंड स्वेटर विणले, त्याचे फोटो सगळीकडे फिरले. तिथे गरज खरी होती. हत्तीला आकार आहे पण केस नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या हालांनी ते जनावर खंगलेलं होतं. तरीही आपण ते फोटो पाहिले ते रंगांसाठी. हत्तीकडे रंगांनंतर लक्ष गेलं.

चिकूच्या स्वेटरवरही मला एक वेलबुट्टी काढायची होती. गोंडाही लावायचा होता. दोन्ही टाळलं. गोंडा आणि बटण कुत्रा चावून काढतो आणि गिळतो; सुटा धागा आतड्यात गेला तर शस्त्रक्रियेवर पाळी येते. लोकरीची गुंडी सुद्धा मी त्याच्यापासून लांब, वरच्या फळीवर ठेवते. वेलबुट्टी घालायला हरकत नव्हती, पण मागच्या बाजूला लोंबणाऱ्या धाग्यांत नखं अडकतात. एक बारीक पिवळी पट्टी तेवढी ठेवली. ती माझ्यासाठी. चिकूला पिवळा रंग दिसत असला तरी त्याचं कौतुक नाही.

मोजे विणायचे नाहीत हेही ठरवलं. जपानी संशोधकांनी कुत्र्याच्या पंजातल्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा दिसलं की पंजाकडे जाणारं गरम रक्त आणि तिकडून परतणारं गार रक्त इतक्या जवळून वाहतं की परतीच्या वाटेवरच ते तापतं. पायांची सोय आधीच झालेली आहे. जिथे झालेली नाही तिथेच विणावं.

संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट नेहमी नामदेवांच्या बाजूने सांगतात. मला कुत्र्याच्या बाजूने बघावंसं वाटतं. त्याने काय पाहिलं? भाकरी उचलली आणि एक माणूस मागे धावत सुटला. आजवर जे जे मागे धावले त्यांच्या हातात काठी होती. या माणसाच्या हातात तूप आहे हे त्याने कसं ओळखायचं? स्वेटर पहिल्यांदा अंगावर चढतो तेव्हा चिकूसारख्या कुत्र्याला असंच काहीतरी होत असणार. डोकं एका अंधाऱ्या भोकात घालतात, पाय धरतात, अंग आवळतं. तो ताठ होतो, कान मागे पाडतो, ओठ चाटतो, जांभई देतो. जांभई म्हणजे झोप नव्हे, धास्ती. अशा वेळी नुसता गळा घालून काढायचा, खाऊ द्यायचा, थांबायचं. दुसऱ्या दिवशी एक पाय. चिकूच्या पाठीमुळे त्याला उचलूनही चालत नाही. चारही पाय जमिनीवर असतानाच घालायचा. हे सोसायला वेळ नसेल तर पांघरूण बरं. आपल्या हातात तूप आहे एवढ्यावर भागत नाही.

आणि एकदा सवय झाली की काढणंही तितकंच महत्त्वाचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळं धापेवर. उन्हं आली, घर तापलं की स्वेटर उतरवायचा आणि खालचे केस विंचरायचे. ओला झाला तर लगेच. म्हणूनच रस्त्यावरच्या कुत्र्यांना स्वेटर घालण्याच्या मोहिमा मला फारशा पटत नाहीत. हेतू चांगला असतो, पण संध्याकाळी घातलेला स्वेटर सकाळी काढणार कोण? कुंपणात अडकला, गटारात भिजला, अंगाला आवळत गेला, तर सोडवणारा हात जवळ नसतो. त्यापेक्षा कोरडं गोणपाट जिन्याखाली घालावं. कुत्रा त्यावर वेटोळं करून नाक शेपटीखाली घालतो, आणि ती त्याची स्वतःची वीण असते. गोणपाट दोन-चार दिवसांनी झटकावं, ओलं झालं तर बदलावं. याचे फोटो निघत नाहीत, त्यामुळे हे काम करणारे थोडे.

चिकूचा स्वेटर बघून इमारतीतली एक मुलगी परवा आली. तिच्याकडे पॉमेरेनियन आहे, कापसाचा ढीग. “मावशी, आमच्या फ्लफीला पण लाल रंगाचा हवाय, आणि माझ्याशी मॅचिंग.”

तिला जवळ बसवून फ्लफीचे केस उलटे करून दाखवले. वर लांब केस, खाली दाट मऊ अस्तर. घरचाच स्वेटर, दुहेरी. त्यावर लोकर चढवली की केस दबतात, त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते आणि काखेत जटा होतात त्या वेगळ्याच. त्यापेक्षा रोज विंचर, असं मी म्हटलं. तिला ते पटलं, पण तोंड एवढंसं झालं. मॅचिंग राहिलं ना!

शेवटी फ्लफीच्या रंगाची, पांढरीशुभ्र लोकर आणायची असं ठरलं, त्या मुलीच्या स्वेटरसाठी. टेप काढला. माप देताना ती चिकूपेक्षाही जास्त हलत होती.